एक किलो रेझिन आणि ससून डॉकचं पाणी

ऑनलाईन मागवलेला क्लिअर कास्टिंग रेझिनचा (हार्डनर मिसळून ओतलं की काचेसारखं घट्ट होणारं इपॉक्सी) एक किलोचा किट, हार्डनर धरून साडेबाराशेला पडला. मुंबईच्या ससून डॉक या मासेमारी बंदराच्या एका कोपऱ्याचं मॉडेल 1:87 स्केलमध्ये करायला घेतलंय, त्याच्या पाण्यासाठी. 1:87 म्हणजे रेल्वे मॉडेलवाल्यांचा एचओ, एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा आणि पंधरा मीटरचा ट्रॉलर सतरा सेंटीमीटरचा. दगडी धक्का, दोन ट्रॉलर, बर्फाचे क्रेट आणि कोळंबी सोलत बसलेल्या पाच बायका, एवढाच पसारा.

आधी चांगलं बोलतो. रेझिन खरंच काचेसारखं आहे, वास कमी आहे (तरी ग्लोव्हज घाला आणि खिडकी उघडी ठेवा, वास नाही म्हणजे त्रास नाही असं नसतं), बुडबुडे लायटर लांबून फिरवला की पटापट फुटतात आणि महिनाभरात तरी पिवळं पडलेलं नाही. उन्हात ठेवलं तर पडेलच, सगळीच इपॉक्सी पडतात.

पहिला बॅच चिकट राहिला. तीन दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा. मी कंपनीला शिव्या घालायच्या तयारीत होतो, मग डबा नीट वाचला तर 2:1 हे प्रमाण वजनाने होतं आणि मी औषधाच्या झाकणाने मापलं होतं! रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे झाकणाच्या मापाने गणित हुकतं. पण ही सूचना मुंगीच्या अक्षरात मागच्या बाजूला छापलीय, त्याचा अर्धा स्टार कापला. दुसऱ्यांदा आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला आणि व्यवस्थित सेट झालं, फक्त जुलैची हवा असल्यामुळे वर मेणचट थर आला, तो कोमट पाणी आणि साबणाने निघाला. पावसाळ्यात करणार असाल तर खोली कोरडी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. जाहिरातीत तळाचे गोटे दिसणारं निळंशार पाणी दाखवलंय. ससून डॉकला कधी गेलायत का? 1875 मध्ये सुरू झालेला डॉक आहे तो, कोकणातली नदी नाही. पाणी मातकट हिरवं, वर डिझेलचा तवंग, हात घातला तर मनगट दिसणार नाही. मी आधी हौसेने तळाला चिखल, साखळी, एक फुटका क्रेट असं सगळं बनवलं, मग रेझिन ओतलं आणि डॉकचा चक्क फिश टँक झाला. शेवटी दुसऱ्या थरात ऑलिव्ह ग्रीन आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) रंगाचे दोन-दोन थेंब घालून सगळं झाकून टाकलं. दोन दिवसांची मेहनत पाण्यात, शब्दशः.

हिशेब सांगतो. पाण्याचा भाग वीस बाय अठरा सेंटीमीटर, तीन मिलिमीटरच्या एका थराला साधारण 120 ग्रॅम लागतं. दोन थर म्हणजे 240. चिकट बॅच छोटाच होता, त्यामुळे पाऊण किलोच्या आसपास तसंच उरलं. खरं तर प्लायवर ॲक्रिलिकने मातकट हिरवा रंग मारून वर ग्लॉस जेलचे (चकचकीत सुकणारी जाडसर ॲक्रिलिक पेस्ट) दोन हात दिले असते तरी भागलं असतं. लाटा नाहीतरी मी जेलच्याच काढल्या, ब्रशने टिपून टिपून, आणि एकदम बारीक, कारण एक मिलिमीटरची लाट म्हणजे प्रत्यक्षात नऊ सेंटीमीटर आणि डॉकच्या आत पाणी एवढंच हलतं. पांढरा फेस लावायचा मोह आवरा.

आणखी एक त्रास म्हणजे रेझिन कडेने वर चढतं. धक्क्याच्या भिंतीवर दोन मिलिमीटर चढलं, म्हणजे स्केलमध्ये जवळजवळ वीतभर. तिथे मी वर शेवाळाचा पट्टा आणि कालवांचे पांढरट ठिपके रंगवून ओहोटीची ओली रेघ करून टाकली, आता तोच भाग सगळ्यांना आवडतो. ट्रॉलरच्या बुडाला मात्र ते लपत नाही.

फोटो काढताना तर रेझिनच्या पारदर्शकपणाचा फुसका बार झाला. खऱ्या डॉकवर कॅमेरा काढला की लगेच हटकतात, इथे हटकणारं कोणी नाही म्हणून निवांत बसलो. मोबाईल उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली येते आणि धक्क्यावर उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो मिळतो. आणि एवढ्या खालून पाण्याकडे पाहिलं की तळ दिसतच नाही, नुसतं प्रतिबिंब दिसतं! पहिल्या फोटोत घरातली ट्यूबलाईट समुद्रात पडल्यासारखी आली. रिंग लाईट लावला तर पाण्यात मेदूवडा. शेवटी सगळे दिवे बंद, एका बाजूने बटर पेपरमागे एक एलईडी बल्ब, मागे मॅट कागदावरचं ढगाळ आभाळ, आणि फोन फूटभर मागे घेऊन 2x वर, फोकस पुढे-मध्ये-मागे हलवत तीन फोटो, ते नंतर जोडले. एका फोटोत मांजराचा केस रेझिनमध्ये अडकलेला दिसतोय, तो मी दोरखंड म्हणून खपवलाय.

पाचपैकी साडेतीन. डोंगरातला झरा, विहीर, कोरल वगैरे करणार असाल तर डोळे झाकून घ्या. मुंबईचं बंदर करणार असाल तर सगळ्यात छोटी बाटली पुरते.

उरलेलं बहिणीने नेलं, सुकी फुलं घालून चहाचे कोस्टर करतेय. त्यात तळ मस्त दिसतो.