पडद्यावरची मराठी की समोरच्या खुर्चीतली गुजराती

सोशल अँग्झायटीसाठी, म्हणजे चारचौघांत वाटणाऱ्या तीव्र भीतीसाठी, थेरपिस्ट शोधताय आणि राहायला वडोदऱ्यात आहात, तर तुमच्यापुढेही बहुधा हेच दोन रस्ते असतील. पुण्या-मुंबईकडच्या मराठी मानसशास्त्रज्ञाशी व्हिडिओवर बोलायचं, नाहीतर अलकापुरी, फतेगंज, रावपुरा अशा कुठल्या तरी क्लिनिकमध्ये जाऊन गुजराती-हिंदीत बोलायचं. इथे मराठीतून थेरपी देणारं कुणी असेलही, माझ्या नोकरीच्या वेळेत बसणारं मला मिळालं नाही. मी दोन्ही करून पाहिलं. आधी चार महिने पडदा, मग नऊ महिने खुर्ची.

माझा त्रास आधी सांगतो, कारण माझं मत त्याच्यावरच उभं आहे. माझी भीती हातात आहे. कुणी बघत असताना सही करायची झाली की बोटं थरथरतात. एकदा बँकेत सही जुळली नाही म्हणून ती तीनदा करायला लावली, मागे रांग ताटकळलेली. त्यानंतर दोन वर्षं मी बँकेची पायरी चढलो नाही, सगळं भावाकडून करून घेतलं. मकरपुऱ्यातल्या कंपनीत हिशेब बघतो, पण चारचौघांत चहाचा कप उचलायचं टाळायचो. घरच्यांच्या लेखी मी बुजरा, मुखदुर्बळ. लहानपणापासून तोच शिक्का.

औषधांबद्दल फारसं बोलत नाही, मी घेतली नाहीत. ती द्यायची की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात आणि अनेकांना त्यांचा खरंच उपयोग होतो. त्रास रोजचं जगणं अडवत असेल तर आधी त्यांनाच भेटा. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, करेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. इथून पुढचं सगळं बोलण्याच्या उपचाराबद्दल आहे.

पडद्यावरच्या, पुण्याच्या मॅडमबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेल्या. हे तुम्हीही तपासाच, कारण नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतो. आणि त्यांच्याकडे अपॉइंटमेंट घ्यायला फोन करावा लागला नाही. फॉर्म भरला, वेळ मिळाली. ज्याला अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की घशाला कोरड पडते, त्याच्यासाठी ही सोय किती मोठी असते ते हा त्रास असलेल्यालाच कळेल. ही सोय नसती तर कदाचित मी उपचाराला सुरुवातच केली नसती.

शिवाय भाषा. दुसऱ्याच सेशनमध्ये मी त्यांना गणेशोत्सवातला तो प्रसंग सांगितला. मंडळाच्या स्टेजवर पाठ केलेलं भाषण मधेच विसरलो आणि पहिल्या रांगेतल्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. ‘ओशाळलो’ एवढंच म्हणालो आणि त्यांना ते पूर्ण कळलं. हसं होणं, नजर चुकवणं, तोंड लपवावंसं वाटणं, कानकोंडं होणं: हे शब्द मला जसे आठवतात तसेच त्यांच्यापर्यंत पोचत होते. पुढे इथल्या क्लिनिकमध्ये तोच प्रसंग मी हिंदीत सांगितला तेव्हा तो एखाद्या अर्जातल्या मजकुरासारखा झाला. सगळं सांगून झालं आणि काहीच सांगितलं नाही असं वाटलं. हा तोटा खरा आहे आणि तो मी लहान मानत नाही.

मग मी पडदा का सोडला? आवाजामुळे.

आमचं घर दांडिया बाजारातलं, जुनं. खोल्यांमधली लाकडी फळ्यांची भिंत छतापर्यंत जात नाही. स्वयंपाकघरात आईने फोडणी दिली तर माझ्या टेबलाशी ठसका लागतो. बुधवारी संध्याकाळी साडेसातला सेशन, म्हणजे आई भाकऱ्या करतेय, बाबा बातम्या ऐकतायत आणि मी दाराला कडी लावून, कानात इअरफोन घालून बोलतोय. घरी सांगितलेलं नव्हतं. मॅडम दर दोन मिनिटांनी म्हणायच्या, ‘जरा मोठ्याने बोलता का? आवाज येत नाहीये.’ मी लॅपटॉपच्या आणखी जवळ वाकायचो, आवाज वाढवायचो नाही. एकदा बाबांनी टीव्ही अचानक बंद केला आणि मी वाक्य अर्धवट टाकून ऑफिसचा फोन असल्यासारखं ‘हो सर, पाठवतो’ म्हणालो. पडद्यावर मॅडम गप्प झाल्या. त्यांना समजलं होतं.

गच्चीवर बसून पाहिलं, तिथे शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला कुणी ना कुणी येतंच. ऑफिस सुटल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसलो, तर वॉचमन दर दहा मिनिटांनी डोकवायचा. एकदा सुरसागर तलावाच्या कठड्यावर बसून बोललो आणि आजूबाजूची माणसं माझ्याकडे वळून बघतायत की काय यातच पाऊण तास गेला. लोक काय म्हणतील या धास्तीवर चार महिने उपचार घेतला आणि तो सगळा कुजबुजत, ऐकू जाईल या धास्तीतच घेतला. आवाज दाबून बोलायची सवय मोडायची होती, ती आठवड्यातून एकदा अधिकच घोटली जात होती. शेवटी मॅडमनीच विचारलं, ‘तिथे कुणाकडे प्रत्यक्ष जाता येईल का बघा ना.’ त्यांच्या या प्रामाणिकपणाचं मला आजही मोल वाटतं.

दुसरी अडचण मला नंतर उमगली. कॅमेऱ्यात मी खांद्यापर्यंत दिसायचो. माझा सगळा त्रास हातांत, आणि हात चौकटीबाहेर. मॅडमनी माझे हात थरथरताना कधी पाहिलेच नाहीत.

क्लिनिकमध्ये मात्र सुरुवात अवघड गेली. अपॉइंटमेंट फोनवरच मिळते. मी वाक्यं कागदावर लिहून, तीन दिवस टाळून मग फोन लावला. वेटिंग रूम दातांच्या आणि कानांच्या डॉक्टरांबरोबर एकच, त्यात रिसेप्शनवरून पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्याने पुकारतात. इथल्या मराठी माणसांचा गोतावळा केवढासा, ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याच खेपेला आत्याच्या भिशीतल्या एक बाई भेटल्या. ‘तू इकडे कुठे रे?’ मी दाढ दुखतेय म्हणालो आणि आत जाऊन ते बेनना सांगितलं. (थेरपिस्टना मी बेनच म्हणतो, इथे सगळेच म्हणतात.) त्यांनी लगेच तो धागा पकडला. पुढच्या वेळेपासून दहा मिनिटं लवकर यायचं, कोपऱ्यातली खुर्ची सोडून मधल्या खुर्चीत बसायचं, पेपर किंवा मोबाइल समोर धरायचा नाही. त्या वेटिंग रूमचा मला जो जाच होता तोच माझा पहिला गृहपाठ ठरला.

बेन ज्या पद्धतीने काम करतात ती डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये मांडली. थोडक्यात सांगायचं तर आपलं सगळं लक्ष स्वतःकडे लागलेलं असतं, आत जे वाटतंय तेच बाहेर दिसत असणार असं आपण धरून चालतो आणि बचावासाठी ज्या युक्त्या करतो त्यांमुळे भीती खरी आहे का हे तपासलं जातच नाही. कप दोन्ही हातांनी घट्ट धरणं ही माझी युक्ती. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत सोशल अँग्झायटीसाठी पहिली शिफारस गटात न घेता थेरपिस्टबरोबर एकट्याने घ्यायच्या सीबीटीची (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या बोलण्याच्या उपचाराची) आहे, आणि या पद्धतीसाठी ९० मिनिटांची १४ पर्यंत सत्रं, साधारण चार महिन्यांत, असा आराखडा दिला आहे. ९० मिनिटं का, ते मला तिसऱ्या सेशनला कळलं. बेननी काठोकाठ भरलेला पेला माझ्या हातात दिला, खोलीभर चालायला लावलं आणि मोबाइलवर चित्रीकरण केलं. आधी विचारलं, ‘हात किती हलताना दिसेल, दहापैकी?’ मी नऊ म्हणालो. नंतर ते चित्रीकरण परक्या माणसाचं समजून बघायला सांगितलं. पाणी थोडं सांडलं होतं. हात मात्र दोनएवढा हलत होता, जास्तीत जास्त तीन.

पुढे आम्ही खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या सेव-उसळच्या गाडीवर मी तिखट तरी पुन्हा मागायची, सेव जास्त घालायला सांगायचं आणि डिश एका हाताने धरून उभ्याने खायची. बेन चार पावलांवर उभ्या. हेच काम एकट्याने करायला दिलं तर न करताही ‘केलं’ असं सांगता येतं, आणि मी मॅडमना तसं दोनदा सांगितलंही होतं, निम्मं टाळून. बेन स्वतः बघत असताना ती सोय नव्हती.

आता भाषेचं. मी इतकी भीती घातली, पण एक गोष्ट मला उशिरा जाणवली. माझी लहानपणीची लाज मराठीत असली तरी आजची भीती गुजरातीत आहे. बँकेतला माणूस, ऑफिसातले शेठ, खंडेराव मार्केटातला भाजीवाला, सगळे गुजरातीच बोलतात. ‘लोको शुं कहेशे’ हे मला त्या भाषेतच ऐकू येतं. त्यामुळे सराव त्याच भाषेत झाला हे बरंच झालं, असं मला वाटतं. ‘ओशाळणं’ म्हणजे काय हे मी बेनना दहा मिनिटं समजावलं, तेव्हा त्यांनी तो शब्द वहीत गुजराती अक्षरांत लिहून घेतला. तरीही स्टेजवरचा तो प्रसंग पुण्याच्या मॅडमशी बोललो नसतो तर कधीच नीट बोललो नसतो, हेही तितकंच खरं.

पडद्याचाच दोष आहे असं मी मुळीच म्हणत नाही. क्लार्क यांच्या गटाने पुढे इंटरनेटवरून द्यायची पद्धतही बनवली आणि तिचे निकाल चांगले आहेत. तुम्हाला दार बंद होणारी स्वतःची खोली असेल, घरी सांगितलेलं असेल, किंवा त्रास मुख्यतः मीटिंगमध्ये बोलण्याचा असेल, तर माझं कारण तुम्हाला लागूच पडत नाही. अंथरुणातून उठून बाहेर पडणंच जड जात असेल तर सुरुवात पडद्यावरच करा. तसं पाहिलं तर मीही तशीच केली. आणि एखाद्या रात्री फारच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे भाषा निवडता येते.

पण तुमचा त्रास माझ्यासारखा अंगात दिसत असेल, हात, घाम, चेहरा लाल होणं, आणि घर आमच्यासारखं असेल, तर मी नम्रपणे खुर्चीकडेच बोट दाखवेन. वेळेच्या हिशेबाने खुर्ची महाग पडत नाही. मॅडमचे ४५ मिनिटांचे १,२०० होते, बेनचे दीड तासाचे १,८००. पहिल्या भेटीत मात्र एक गोष्ट विचारून घ्या: तुम्ही माझ्याबरोबर खोलीबाहेर याल का? ‘आपण आधी बोलून मोकळे होऊ’ एवढंच उत्तर मिळालं तर आणखी एखादं क्लिनिक बघा.

मोजमाप म्हणाल तर बेननी लिबोवित्झ यांची प्रश्नावली भरून घेतली होती, २४ प्रसंगांची. माझे गुण उतरले आहेत, पण त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट सांगाविशी वाटते. मार्चमध्ये मी त्याच बँकेत गेलो. सही दुसऱ्यांदा करावी लागली. मागे रांग होती. मी केली.

क्लिनिकला पहिली वेळ घेताना आठवड्यातली दुपारी तीनची मागा, तेव्हा वेटिंग रूममध्ये एक-दोनच माणसं असतात. चार-पाच सेशन झाली की शनिवार संध्याकाळची घ्या.