व्हॉल्टमधल्या जुन्या प्रॉपर्टीज काढून आता नऊ महिने झाले

आधीच सांगते, हा अनुभव अख्ख्या ऑटोडेस्क व्हॉल्टचा (डिझाइनच्या फाइल्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) नाही, त्यात साठलेला जुना मेटाडेटा, म्हणजे प्रत्येक फाइलसोबतची मटेरियल, फिनिश अशी माहिती, साफ करण्यापुरताच आहे. या माहितीच्या एकेका रकान्याला तिथे प्रॉपर्टी म्हणतात. भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं काम, डिझाइन इन्व्हेंटर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणि जुनी ड्रॉइंग्ज ऑटोकॅडची, आणि इतक्या वर्षांत जो आला त्याने स्वतःच्या सोयीची एकेक प्रॉपर्टी वाढवून ठेवलेली. एकट्या मटेरियलसाठी चार! वर त्यातल्या व्हॅल्यूपण वेगळ्या, म्हणजे एकाच स्टील प्लेटला कुठे ई २५० हा ग्रेड तर कुठे एफई ४१० डब्ल्यू, जे आयएस २०६२ या स्टीलच्या भारतीय मानकातलं त्याचंच जुनं नाव. परचेसने ई २५० सर्च केलं की निम्मे पार्ट यायचेच नाहीत, मग तीच यादी पुन्हा एक्सेलमध्ये हाताने.

पहिली गोष्ट म्हणजे पर्ज आणि हे काम एक नाही. पर्जने फाइलच्या जुन्या व्हर्जन जातात, सर्व्हरवर जागा होते, पण नको असलेली प्रॉपर्टी लिस्टमध्ये तशीच बसलेली असते. आम्ही महिनाभर पर्जच करत होतो आणि सर्च का सुधारत नाही म्हणून डोकं धरून बसलो होतो.

मग प्रॉपर्टीजची यादी काढली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं की ही भरतं कोण आणि वाचतं कोण. खरा वेळ इथे गेला. तीन आठवडे. परचेस, शॉप फ्लोअर, क्वालिटी सगळ्यांना बसवलं, कारण आम्हाला कचरा वाटलेली 'फिनिश २' ही पेंटशॉपवाले रोज बघत होते हे डिझाइनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

डिलीट लगेच करू नका. यूजरने बनवलेली प्रॉपर्टी डिसेबल करता येते, हे मला सगळ्यात आवडलेलं, दोन महिने तसंच ठेवायचं आणि कुणी ओरडतंय का बघायचं, ओरडलं तर परत चालू करायची.

मॅपिंगला, म्हणजे व्हॉल्टमधली प्रॉपर्टी फाइलमधल्या प्रॉपर्टीशी जोडण्याला, मात्र जपा. नवीन मटेरियल प्रॉपर्टी आम्ही फाइलशी दोन्ही बाजूंनी (वाचायला आणि लिहायलाही) जोडली आणि व्हॉल्टमध्ये व्हॅल्यू भरायच्या आधीच सिंक केलं, झालं, पन्नासेक ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) मटेरियल कोरं. चूक आमचीच होती, आणि आधीची व्हर्जन अजून पर्ज केलेली नव्हती म्हणून परत आणता आली. तेव्हापासून नियम केलाय, आधी फुल बॅकअप, मग फाइलमधून व्हॉल्टमध्ये वाचायचं फक्त, व्हॅल्यू तपासायच्या, आणि लिहायचं मॅपिंग सगळ्यात शेवटी. पर्ज त्याच्याही नंतर, आणि मोठा पर्ज झाला की सर्व्हर कन्सोलमधून डेटाबेस डीफ्रॅगमेंट (विस्कळीत डेटा नीट लावणं), तेही रविवारी, कारण तेवढा वेळ कुणाला काम करता येत नाही.

रिलीज झालेल्या ड्रॉइंगला हात लावला नाही. ज्या ऑर्डरला एफई ४१० डब्ल्यू लिहून माल गेलाय तिथे तेच राहिलं पाहिजे, उद्या कस्टमरने सर्टिफिकेट मागितलं तर ड्रॉइंगवर वेगळंच नाव नको. यावरून आमच्यात बराच वाद झाला, पण माझं मत अजून तेच आहे.

आता मटेरियलची एकच प्रॉपर्टी, तीपण लिस्टमधून निवडायची, टाइप करायची नाही. परचेसने गेल्या चार महिन्यांत एक्सेल मागितलेली नाही, आणि नवीन मुलगा जॉइन झाला त्याला पार्ट शोधायला शिकवताना "हे बघू नको, ते जुनं आहे" असं एकदाही म्हणावं लागलं नाही, याचा मला खरंच आनंद झाला. व्हेंडरकडून आलेल्या स्टेप फाइल्स (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी फॉरमॅट) तेवढ्या राहिल्यात, त्यांना मटेरियल हातानेच भरावं लागतंय, रोज वीस-वीस करतेय.