कॅम्परव्हॅनऐवजी सात मीटरचे मोटरहोम : इंग्लंडमधील अनुभव
जुन्या कॅम्परव्हॅनच्या (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या छोट्या व्हॅनच्या) जागी आम्ही फियाट डुकाटो या मोठ्या व्हॅनवर बांधलेले सात मीटर लांबीचे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घरच, घेतले, आणि रोज रात्री बाक उलगडून अंथरूण घालण्याची कटकट संपवणारा कायमचा पलंग हाच त्याचा सर्वांत मोठा लाभ ठरला. ओट्यावर पोळपाट नीट मावतो. फोडणीचा वास मात्र छतावरचा पंखा चालू ठेवूनही गाद्यांत मुरतोच. कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घेणे जिकिरीचे होते. खरी अडचण वजनाची आहे: अशा डिझेल गाडीसाठी साध्या कार परवान्याची मर्यादा ३,५०० किलो असल्याने पाणी, सायकली, तांदळाची पिशवी आणि माणसे यांसह गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावीच. १९९७ पूर्वी परवाना मिळालेल्यांना सत्तरीपर्यंत साडेसात टनांची मुभा असते.