स्खोकलंड म्युझियम, नेदरलँड्स: ज्यांचं गाव धरणात गेलंय त्यांनी तर बघाच

लेक झ्वोलेला नोकरीला आहे, तिच्याकडं दोन महिने राहून गेल्याच आठवड्यात बेळगावला परत आलो. ट्युलिप, पवनचक्क्या, बोटी सगळं झालं, त्याच्यावर लिहिणारे ढीगभर आहेत, म्हणून मी फक्त स्खोकलंडबद्दल लिहायलेय, कारण आपल्याकडचं कोण तिथं फिरकत नाही आणि माझ्या मते पहिल्यांदा तिथंच जायला पाहिजे.

स्खोकलंड हे पूर्वीचं बेट. पूर्वीचं म्हणजे, आता चारी बाजूला बटाट्याची आणि गव्हाची शेतं आहेत, पाणी कुठंच नाही! झ्वोलेहून गाडीनं अर्धा तास, रस्ता एकदम सपाट, आणि मधेच एक लांबट उंचवटा, झाडं, एक लहान चर्च, थोडी लाकडी घरं. त्या वस्तीचं नाव मिडलब्यूर्ट, म्हणजे मधली आळी, म्युझियम तिथंच आहे.

गोष्ट अशी की इथं झाउडरझे नावाचा समुद्राचा फाटा होता आणि बेट वर्षाला थोडं थोडं पाण्यात जायचं. लोक मासेमारी करणारे, गरीब, घरं मातीच्या उंचवट्यांवर बांधलेली. उत्तरेला एमेलोर्डमध्ये कॅथलिक, दक्षिणेकडं प्रोटेस्टंट. १८२५ च्या पुरानं फार नुकसान केलं, आणि शेवटी १८५९ मध्ये तिसऱ्या विल्यम राजाच्या काळात सरकारनं बेट रिकामं करायला लावलं. साडेसहाशेच्या आसपास माणसं होती, कोण काम्पेनला गेलं, कोण फोलेंडामला, कोण फोलेनहोवला. मग १९३२ मध्ये मोठा बांध घालून समुद्राचं तोंडच बंद केलं, नंतर ह्या भागाभोवती आणखी बांध घालून पंपांनी पाणी उपसलं आणि १९४२ मध्ये जमीन वर आली. आख्खं बेट शेतात येऊन बसलं. १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेली नेदरलँड्समधली पहिली जागा हीच.

आता मी एवढं सगळं का सांगायलेय, तर आमच्या ह्यांचं गाव बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणात गेलेलं. हे तेव्हा सहा-सात वर्षांचे. उन्हाळ्यात घटप्रभेचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात, हे पण जातात, पण फोटो काढत नाहीत, लांब उभं राहून आमचं घर ह्या बाजूला, विहीर त्या बाजूला असं हातानं दाखवतात. बघायला गेलं तर तिथं नुसता चिखल असतो.

म्युझियममध्ये आत मॅमथची हाडं, जमीन कोरडी केल्यावर सापडलेल्या जुन्या वस्तू, बेटाचा इतिहास सगळं मांडलंय, लेक फोनवर बघून मराठीत सांगत होती. ते चांगलंच आहे, पण माझ्या मनात राहिलं ते बाहेरचं. लाटा अडवायला वस्तीच्या कडेला लाकडी खांब एकाला एक लागून उभे केलेत. आम्ही गेलो तेव्हा खांबांच्या पलीकडं ट्रॅक्टर चालला होता. ह्यांनी एका खांबावर हात ठेवला, लाकूड राखाडी झालेलं, भेगांत पिवळसर शेवाळ धरलेलं, आणि तसेच बराच वेळ उभे राहिले, मी पण हाक मारली नाही. नंतर म्हणाले, "ह्यांनी खांबसुद्धा ठेवलेत की."

तिथनं सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाणी गेलं म्हणतोस, मग माणसं परत आली काय रे?" नाही आली. मधे ८३ वर्षं गेली होती, आणि नव्या जमिनीवर सरकारनं देशभरातनं शेतकरी निवडून आणून बसवले. पण जुन्या बेटकऱ्यांच्या वंशजांची आजही संघटना आहे, हे ऐकून सासूबाईंना बरं वाटलं.

आणखी एक, आजूबाजूची जमीन कोरडी केल्यामुळं बेटाखालची पीट माती (कुजलेल्या झाडपाल्याची मऊ माती) सुकून बेट खचायला लागलं, म्हणून आता त्याच्या कडेला मुद्दाम जमिनीत पाण्याची पातळी वर ठेवतात. पाण्यापायी रिकामं केलेलं बेट आता पाणी देऊनच जपायलेत! हे वाचल्यावर मी तिथंच बाकावर बसले.

आपल्या धरणाच्या काठावर असं काही नाही, गावांची नावं लिहिलेला एक साधा बोर्ड तरी लावा असं मला फार वाटतं. म्हातारी माणसं आहेत तोवर आळी, विहिरी, कुणाचं घर कुठं, एवढं लिहून घेतलं तरी पुरे, त्याला म्युझियमचा खर्च लागत नाही.

जाणार असाल तर अर्धा दिवस हातात ठेवा, उघडायची वेळ आधी बघून घ्या. म्युझियम झालं की उत्तर टोकाला एमेलोर्डचं जुनं बंदर आहे तिथं जाच, धक्का आहे आणि समोर शेत. दक्षिण टोकाला जुन्या चर्चचा पाया दिसतो. मधे चालायला वाट आहे, गुडघे दुखत असतील तर गाडीनं जा. वारं भयंकर असतं, जूनमध्ये पण स्वेटर घ्या, आणि खायला सोबत काहीतरी असू दे, आम्ही बेळगावचा कुंदा नेलेला तो बंदराच्या धक्क्यावर बसून खाल्ला. माझ्याकडनं पाचपैकी पाच.