लिथियमच्या जोडीला ओमेगा-३: पुढे १०००, मागे १८०

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवरून ग्राहक सेवेशी झालेला वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे लिहिताना चीड डोकावली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. मला बायपोलर विकार (कधी नैराश्य, कधी उन्माद) आहे, त्यावरचे लिथियम हे औषध कित्येक वर्षांपासून चालू आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांना विचारूनच मी गेल्या हिवाळ्यात या कॅप्सूल सुरू केल्या.

माझी मुख्य तक्रार बाटलीवरच्या आकड्याबद्दल आहे. दर्शनी बाजूला ठसठशीत १००० मिलिग्रॅम छापलेले असते, पण ते वजन सगळ्या तेलाचे. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्यातल्या दोन ओमेगा-३ मेदाम्लांचे आकडे, ईपीए १८० आणि डीएचए १२०, असे लिहिलेले सापडते. नैराश्यासाठी यातला ईपीएच महत्त्वाचा मानतात आणि २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तो मूळ उपचारांच्या जोडीला रोज १ ते २ ग्रॅम, डीएचएच्या दुपटीहून अधिक, असावा असे म्हटले आहे. म्हणजे या बाटलीतून एक ग्रॅम गाठायचा तर रोज सहा कॅप्सूल गिळायच्या आणि साठ कॅप्सूलची बाटली दहा दिवसांत संपवायची. प्रमाण तरीही दीडपटच राहते. औषधवाला मात्र ‘रोज एक, जेवल्यावर’ एवढे सांगून मोकळा होतो. किमतीला बाटलीतल्या एकूण ईपीएने भागून पाहिल्यावर महाग दिसणारी, अधिक ईपीए असलेली बाटलीच स्वस्त ठरली आणि मी ती घेतली. हा भागाकार दुकानातच, मोबाईलवर करावा.

दुसरी कटकट पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाजारात ताजे बांगडे आणि तारल्या दुर्मीळ, म्हणून याच दिवसांत बाटलीवर भिस्त अधिक. आणि नेमक्या याच दिवसांत मुंबईच्या दमट हवेने जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. घरी आलेल्या बाटलीत तर तळाशी एक अखंड पिवळा गोळा होता, चमच्याच्या दांड्याने टोचला तेव्हा दोन कॅप्सूल फुटल्या आणि ओट्यावर वास दिवसभर राहिला. ‘सील उघडलेले असल्याने बदलून मिळणार नाही’, असे उत्तर आले. सील न उघडता आतला गोळा ग्राहकाने कसा पाहायचा, हे मात्र त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

गुणाबद्दलचे माझे मत मध्यंतरी बदलले. सुरुवातीला काहीच फरक नाही, फक्त लोकलमध्ये माशाचे ढेकर, असे मी बहिणीला सांगत होते. (जेवणाच्या मध्ये घेतल्यावर ढेकर थांबले.) पुढे सकाळचे जडपण कमी झाले आणि कौतुक करावेसे वाटू लागले; परंतु त्याच सुमारास रक्तातील पातळी पाहून डॉक्टरांनी लिथियमची मात्रा वाढवली होती, त्यामुळे हे श्रेय कॅप्सूलला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मूळ औषध कमी करून यांच्यावर विसंबण्याचा प्रश्नच नाही.

इतर गोष्टींचे थोडक्यात. ड जीवनसत्त्वाची (डी-३) आठवड्याला ६०,००० युनिटची मात्रा तपासणीनंतर डॉक्टरांनी लिहून दिली आणि ठरलेल्या आठवड्यांनी बंदही केली. फार घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि काही जणांत लिथियममुळेही ते वाढते, म्हणून ही मात्रा मनाने चालू ठेवू नये. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणून दिलेली अश्वगंधा डॉक्टरांनी स्पष्ट नाकारली, कारण लिथियममुळे थायरॉईडवर लक्ष ठेवावेच लागते आणि अश्वगंधेनेही थायरॉईडचे आकडे हलू शकतात. शिवाय काही रुग्णांत तिच्यानंतर उन्माद उसळल्याच्या नोंदी आहेत. काकूंचा रुसवा परवडला. प्रत्येक डबीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मी आता तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवते.

कॅप्सूल मी पुन्हा घेणार आहे, पण दुसऱ्या दुकानातून, पावसाळाभर लहान बाटलीच आणि ती काउंटरवरच उघडून पाहून.