रँकिंग वाढवायला पैसे भरले आणि वेबसाइटचं नावच हातचं गेलं

सोलापुरात ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे, टॉवेल-चादरीवाले असोत, युनिफॉर्मवाले असोत की शेंगा चटणी घरून पाठवणाऱ्या बायका, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्यावर जे गुदरलं तेच ओळखीतल्या आणखी तीन घरांत झालंय. आम्हाला चौघांनाही आलेला फोन जवळपास शब्दाला शब्द सारखा होता.

आमचा अक्कलकोट रोडला छोटा कारखाना आहे. आठ माग. माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवत होते. तिथून पै-पै जमवून त्यांनी हे उभं केलं. आम्ही टॉवेल आणि नॅपकिन काढतो, जेकार्डच्या चादरी शेजारून घेऊन विकतो. 2019 साली मी हट्ट धरून वेबसाइट करून घेतली. गल्लीतल्याच एका मुलाने केली. चौदा पानं, फोटो मीच काढलेले. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, माझ्या मोबाइल नंबरवर होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच अडलं.

लॉकडाऊननंतर त्या वेबसाइटवरून खरंच धंदा यायला लागला. लॉजवाले, ब्युटी पार्लरवाल्या, दवाखाने. महिन्याला पंधरा-वीस चौकशा यायच्या आणि त्यातल्या चार-पाच पार्ट्या पक्क्या व्हायच्या. आकडा मोठा नव्हता, पण मध्ये दलाल नाही, उधारी नाही, पैसे आधी आणि माल नंतर. आमच्यासारख्यांना हे किती मोलाचं असतं ते धंद्यातल्या माणसालाच कळेल.

जून 2022 मध्ये फोन आला. मुलगी गोड बोलत होती. ‘मॅडम, गुगलवर सोलापुरी टॉवेल होलसेल असं टाकलं की तुमची वेबसाइट दुसऱ्या पानावर येते. दुसऱ्या पानावर कोण जातं सांगा?’ मी फोन ठेवून स्वतः बघितलं, खरंच दुसऱ्या पानावर होतो. तिने सुरुवात खऱ्या गोष्टीने केली आणि माझा विश्वास तिथेच बसला. मग तिचे ‘सर’ लाइनवर आले. आम्ही गुगलचे पार्टनर आहोत, लोक गुगलवर टाकतात असे वीस शब्द निवडू, नव्वद दिवसांत पहिलं पान, लेखी हमी, नाही जमलं तर पैसे परत. महिन्याला बारा हजार, पण सहा महिन्यांचे एकदम भरले तर साठ हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून 70,800 रुपये. ह्यांनी विचारलं, ‘नक्की ना?’ मी म्हटलं, लेखी देतायत. माझ्या भिशीचे चाळीस हजार होते, बाकीचे दुकानाच्या खात्यातून घातले.

‘पार्टनर’ हा शिक्का खरा असला तरी तो गुगलच्या जाहिराती चालवणाऱ्यांना मिळतो. शोधल्यावर येणाऱ्या फुकटच्या निकालांत कोण वर यावं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय. हमी देणाऱ्यांपासून आणि गुगलशी खास संबंध आहेत असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा, हेही तिथेच लिहिलंय. ही दोन वाक्यं मला जूनमध्ये कोणी दाखवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पैसे गेल्यावर तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, वेबसाइट आमच्या सर्व्हरवर आणावी लागेल, तुमचा स्पीड कमी आहे, आणि डोमेनही सोबत हलवावं लागेल. माझ्या ईमेलवर अक्षरं-आकड्यांचा एक कोड आला. मी दुपारी वरच्या मजल्यावर चहा ठेवला होता, फोन खांद्याला लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं, ‘कॅपिटल की स्मॉल?’ असं विचारत विचारत त्यांनी लिहून घेतलं. तो डोमेन दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचा कोड होता. रँकिंगच्या कामासाठी डोमेन हलवायची अजिबात गरज नसते. फार तर वेबसाइटमध्ये शिरायची तात्पुरती परवानगी लागते, आणि ती काम झाल्यावर काढून घेता येते.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला तो बावीस पानांचा. हिरवे बाण, गोल तक्ते, ‘वीसपैकी चौदा शब्द पहिल्या पानावर’. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या सोमवारी सिद्धेश्वराला नारळ वाढवला. सरांनी व्हिडिओ कॉलवर स्क्रीनही दाखवली आणि आमचं नाव खरोखर सगळ्यात वर होतं. नावाच्या अलीकडे बारीक अक्षरात ‘ॲड’ लिहिलेलं होतं, ते मला दिसलं पण कळलं नाही. (नंतर ‘स्पॉन्सर्ड’ असं यायला लागलं.) दोन-चार दिवस जाहिरात चालवून त्यांनी मला ती रँक म्हणून दाखवली होती. जाहिरातीला पैसे दिल्याने खालच्या फुकटच्या निकालांत काडीचाही फरक पडत नाही.

आणि ते चौदा शब्द कोणते, तर त्यातला एक मी जसाच्या तसा देते: ‘बेस्ट क्वालिटी कॉटन टेरी टॉवेल मॅन्युफॅक्चरर अक्कलकोट रोड सोलापूर महाराष्ट्र’. असं कोण शोधतं? जे कोणी शोधतच नाही त्यात पहिलं यायला कष्ट लागत नाहीत. चौदापैकी पाच शब्दांत तर आमच्या कारखान्याचंच नाव होतं, आणि तिथे आम्ही आधीपासून पहिलेच होतो. ज्या शब्दासाठी मी पैसे भरले तो ‘सोलापुरी टॉवेल होलसेल’ यादीत विसावा होता, पुढे लिहिलं होतं, ‘प्रगतीपथावर’.

रिपोर्टमध्ये ‘मेटा कीवर्ड’ भरल्याचं एक अख्खं पान होतं. म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहून ठेवलेले, वाचणाऱ्याला न दिसणारे शब्द. हे कीवर्ड आम्ही रँकिंगसाठी बघतच नाही असं गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं होतं. दुसरं पान होतं ‘डोमेन ऑथॉरिटी 9 वरून 21’. वेबसाइट किती वर येऊ शकेल याचा हा एका खाजगी कंपनीचा अंदाज आहे, गुगलचा नाही. तिसरं पान सगळ्यात घातक होतं, ‘या महिन्यात 640 बॅकलिंक’. म्हणजे इतर वेबसाइटवर आपल्या पत्त्याचे दुवे. दुसऱ्या चांगल्या वेबसाइटने आपणहून दुवा दिला तर तो उपयोगी असतो, हे खरं. पण हे 640 दुवे पैसे मोजून रिकाम्या, ओसाड वेबसाइटवर डकवलेले होते. असल्या विकतच्या दुव्यांना गुगलने एप्रिल 2012 पासून चाप लावला, पेंग्विन नावाचा बदल आणून. दहा वर्षांपूर्वी ज्यावर शिक्षा सुरू झाली तीच गोष्ट हे लोक मला काम म्हणून विकत होते.

सप्टेंबरमध्ये आमच्या सीएंनी विचारलं, ‘हे बिल 2बीमध्ये दिसत नाही, बघा जरा.’ 2बी म्हणजे आपल्याला विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. मी कंपनीला विचारलं, ते म्हणाले पुढच्या महिन्यात दिसेल. मी गप्प बसले. ती पहिली घंटा होती. बिलावरचा पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी नंबर सरकारच्या पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो. मी तो तपासला जानेवारीत, तेव्हा तिथे नोंदणी रद्द झाल्याचं आलं. 10,800 रुपयांचा तो कर मला वळता करून घेताच आला नाही.

दिवाळीनंतर चौकशा आटल्या. दिवाळी झाली की बाजार बसतोच, म्हणून आम्ही मनाची समजूत घातली. डिसेंबरात महिनाभरात दोन चौकशा आल्या. मग गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, आदल्या आठवड्यात कलबुर्गीच्या लॉजवाल्या अण्णांचा फोन आला. ते आमचे 2020 पासूनचे गिऱ्हाईक. म्हणाले, ‘अक्का, तुमचं नाव टाकलं तर जुगाराचं कायतरी येतंय. धंदा बंद केला काय?’ ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

गड्ड्याला माझ्या जावेचा भाऊ आला होता, तो पुण्यात हेच काम करतो. जेवायच्या आधी त्याने लॅपटॉप उघडला. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, मग कोलनचे दोन टिंब, आणि मध्ये जागा न सोडता आमचा पत्ता टाकला. असं टाकलं की त्या वेबसाइटची गुगलला माहीत असलेली पानं समोर येतात. आमची पानं चौदा. समोर शेकड्यांनी आली. रमी, सट्टा, लगेच कर्ज, आणि लिहायला लाज वाटते असली काही. आमच्या वेबसाइटच्या पोटात त्यांनी दुसऱ्यांची पानं दडवून ठेवली होती, जसे माझे दुवे ओसाड वेबसाइटवर डकवले तसे दुसऱ्यांचे माझ्याकडे. मामा मागे उभे होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण खेळायच्या पत्त्यांची चित्रं कळली. ते न बोलता खाली कारखान्यात गेले. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे, तरी बाहेरचा माल ‘सोलापुरी’ म्हणून खपवतात याची चीड त्यांना कायम असते. त्यांच्याच नावाखाली हे निघालं.

सर्च कन्सोल नावाचं गुगलचं एक फुकट साधन आहे. लोक काय शोधून आपल्यापर्यंत आले, किती जणांनी बघितलं, किती जणांनी दाबलं, हे त्यात मागच्या सोळा महिन्यांचं दिसतं, आणि गुगलने दंड केला तर त्याची नोटीसही तिथेच येते. आमचं होतं, पण त्यातून मला मालक म्हणून काढून टाकलं होतं. कंपनीला जाब विचारला तर त्यांनी काय करावं? ‘तुमच्या वेबसाइटवर पेनल्टी आहे, रिकव्हरी पॅकेज घ्या, चाळीस हजार’ म्हणत त्या नोटिशीचा स्क्रीनशॉट मलाच पाठवला. ‘अनैसर्गिक दुवे’, तारीख 9 नोव्हेंबर. दोन महिने त्यांना माहीत होतं.

डोमेन परत मागितलं तर करारातलं चौथं पान दाखवलं: सर्व डिजिटल मालमत्ता येणी चुकती होईपर्यंत कंपनीकडे राहील. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या पीडीएफवर मी न वाचता सही केली होती. सोडायचे पंचवीस हजार मागितले. डोमेन विकणाऱ्या संस्थेला लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं की कोड तुमच्याच ईमेलवरून गेलाय, त्यांच्या दृष्टीने व्यवहार माझ्या संमतीने झाला. सायबर तक्रार केली, वकिलांची नोटीस पाठवली, ती पत्त्यावर कोणी नाही म्हणून परत आली. मी पंचवीस हजार दिले नाहीत. देऊन डोमेन मिळालं असतं की आणखी मागणी आली असती, कोणास ठाऊक, पण माझं मन झालं नाही.

तुमची वेबसाइट असेल तर आज रात्रीच बसा. डोमेनच्या खात्यात स्वतः शिरता येतं का बघा. वेबसाइट करणारा मुलगा कितीही घरचा असो, खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नंबरवर हवं. सर्च कन्सोलमध्ये मालक तुम्ही, काम करणाऱ्याला फक्त मर्यादित परवानगी. गुगल नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीचंही तेच, आणि ती नोंद फुकट असते, तिचे पैसे मागणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कोड आणि ओटीपी कोणालाही वाचून दाखवू नका. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले तर लगेच 1930 वर फोन करा, उशीर करू नका. सेवेबद्दलच्या तक्रारीला 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि जो कोणी काम करेल त्याला एवढंच विचारा: माझ्या वेबसाइटवर नेमकं काय बदलणार? प्रामाणिक माणूस पानांबद्दल, फोटोंबद्दल, मजकुराबद्दल बोलतो आणि वेळ मागतो. गुगल स्वतःच म्हणतं की अशा कामाचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं.

फेब्रुवारीत नवं डोमेन घेतलं. जावेच्या भावाने वेबसाइट परत उभी केली, पैसे घेतले नाहीत. जुना पत्ता हातात नसल्यामुळे तिथून इथे गिऱ्हाईक वळवता येत नाही, शून्यापासून सुरुवात झाली. या वेळी मजकूर मी आणि आत्यांनी बसून लिहिला. लॉजला किती वजनाचा टॉवेल परवडतो, पहिल्या धुण्यात तो किती आटतो, चादरीचा रंग जाऊ नये म्हणून पहिल्यांदा कशी भिजवायची. ही गिऱ्हाइकं फोनवर रोज विचारतात तीच गोष्ट. ऑगस्टपर्यंत महिन्याला सहा-सात चौकशा यायला लागल्या, आणि सगळ्यात जास्त लोक त्या धुण्याच्या पानावर येतात.

टॉवेलच्या पिशव्यांवर मात्र जुनाच पत्ता छापलेला आहे. चार हजार पिशव्या होत्या. संध्याकाळी माग बंद झाले की आत्या आणि मी गोदामात बसून त्यावर नव्या पत्त्याचं स्टिकर लावतो. कडेने हवा राहिली की आत्या नखाने दाबून बसवतात, खालचं एकही अक्षर दिसलं तर परत लावायला सांगतात. अजून अकराशे शिल्लक आहेत.