मुलाला एकट्याने विमानाने पाठवताना: यूएम सेवा, ओळखीची सोबत की स्वतः पोहोचवणे?

मे महिन्याच्या सुटीत नातवंडांनी आजी-आजोबांकडे जायचे ही रीत अजून टिकून आहे, मात्र दोन घरांमधले अंतर आता हजार-पंधराशे किलोमीटरांचे झाले आहे. बेंगळुरू, दिल्ली किंवा कोलकात्यात नोकरी करणाऱ्या आईवडिलांना एकाच वेळी रजा मिळत नाही, नागपूर-पुण्याकडे आजी-आजोबा दिवस मोजत असतात, आणि मग आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने विमानात बसवून द्यावे का, हा विषय घरात निघतो. पर्याय साधारण चार असतात: विमान कंपनीची एकट्या मुलांसाठीची ‘यूएम’ सेवा घेणे, त्याच विमानाने जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीसोबत पाठवणे, स्वतः पोहोचवून परत येणे, आणि मूल बारा वर्षांचे झालेले असल्यास त्याला सरळ सामान्य प्रवासी म्हणून पाठवणे.

या पर्यायांची तुलना बहुधा तिकिटाच्या दरावरून आणि मुलाच्या धीटपणावरून केली जाते. माझ्या मते या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. विमान वेळेवर सुटले आणि ठरलेल्या गावी उतरले, तर चारही पर्याय सारखेच चांगले ठरतात. फरक पडतो तो विमान कंपनीकडून चूक होते त्या दिवशी, आणि म्हणून प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारावा: चूक घडली त्या वेळी मूल नेमके कोणाच्या ताब्यात असेल, आणि ती व्यक्ती कोणाला उत्तर देण्यास बांधील असेल?

यूएम सेवा

‘अनअकम्पनीड मायनर’ या नावाने चालणारी ही सेवा काउंटरवर सगळे ‘यूएम’ म्हणूनच ओळखतात. भारतीय कंपन्यांमध्ये ती साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांसाठी असते. अमेरिकेत अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही मोठ्या कंपन्यांमध्ये 5 ते 14 या वयोगटातील एकट्या मुलासाठी ती सक्तीची आहे आणि तिचे शुल्क एका बाजूच्या प्रवासाला 150 डॉलर आहे. सर्वच कंपन्या ही सेवा देतात असे मात्र गृहीत धरू नये. ब्रिटिश एअरवेजने ती 2016 मध्ये बंद केली, अमेरिकेतील फ्रंटियरने 2018 मध्ये बंद केली, आणि रायनएअर सोळा वर्षांखालील मुलाला एकट्याने विमानात घेतच नाही. त्यामुळे सुटीचा बेत मुलाला सांगण्याआधी कंपनीला फोन करावा. एरवीही हे आरक्षण बहुधा फोनवरूनच होते.

सेवेचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. मुलाला सोडणारा कोण आणि उतरवून घेणारा कोण, यांची नावे, फोन क्रमांक आणि ओळखपत्राचे तपशील एका अर्जावर लिहिले जातात. कागदपत्रे मुलाच्या गळ्यातील पाकिटात जातात. काउंटरवरील कर्मचारी मुलाला सुरक्षा तपासणीतून गेटपर्यंत नेतो, तेथे केबिन क्रूच्या हवाली करतो, आणि उतरल्यावर पुन्हा ग्राउंड स्टाफ मुलाला ताब्यात घेऊन ओळखपत्र पाहून नातेवाइकाच्या हाती देतो. थोडक्यात, मूल किमान चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि आजवर जाहीर झालेल्या मोठ्या चुका बहुतेक याच बदलांच्या वेळी झालेल्या आहेत.

21 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेतील स्पिरिट एअरलाइन्सने फिलाडेल्फियाहून फोर्ट मायर्सला निघालेल्या सहा वर्षांच्या मुलाला ऑरलँडोच्या विमानात बसवले. फोर्ट मायर्सला आजी थांबली होती. विमान रिकामे झाले तरी नातू दिसेना म्हणून तिने चौकशी केली, तेव्हा या विमानात एकटे मूल नव्हतेच असे तिला सांगण्यात आले. नातवाचा ठावठिकाणा तिला कळला तो खुद्द नातवाच्याच फोनवरून. सामान मात्र ठरलेल्या गावी बरोबर पोहोचले होते. मूल पूर्ण वेळ आमच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली होते, असे कंपनीने नंतर सांगितले. ते खरेही असेल, पण ती देखरेख सुमारे अडीचशे किलोमीटर दूरच्या शहरात चालली होती.

2016 चा जेटब्लूचा प्रकार याहून विचित्र होता. डोमिनिकन प्रजासत्ताकातून न्यूयॉर्कला निघालेला पाच वर्षांचा मुलगा बॉस्टनला पोहोचवला गेला, आणि न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याच्या आईसमोर भलताच मुलगा आणून उभा करण्यात आला, ज्याच्याजवळ तिच्या मुलाचा पासपोर्ट होता. कागद जुळले म्हणजे मूल जुळले, असे कर्मचाऱ्यांनी मानले. 2009 मध्ये बॉस्टनहून क्लीव्हलँडला निघालेली दहा वर्षांची मुलगी नेवार्कला उतरली होती, कारण दोन विमानांचे प्रवासी एकाच दारातून सोडले जात होते आणि कर्मचाऱ्यांची गल्लत झाली.

असे आपल्याकडे होणार नाही, असे म्हणण्याची सोय नाही. जानेवारी 2023 मध्ये दिल्लीहून पाटण्याला निघालेला एक प्रौढ प्रवासी इंडिगोच्या विमानाने उदयपूरला पोहोचला आणि विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेने या प्रकाराची चौकशी लावली. जेथे प्रवाशांना गेटवरून बसमध्ये बसवून विमानापर्यंत नेले जाते, तेथे शेजारशेजारच्या दोन गेटांवरची गर्दी एकमेकांत मिसळणे अवघड नसते.

तरीही यूएम सेवेच्या बाजूने एक भक्कम मुद्दा उरतो: येथे जबाबदारी कागदावर असते. मूल चुकीच्या शहरात उतरले, तरी ते एकटे आहे हे कंपनीच्या नोंदीत असते, त्यासाठी शुल्क घेतलेले असते, आणि ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे उत्तर देता येत नाही. म्हणून मला हा पर्याय पटतो, पण विमान थेट असेल तरच.

थेट की मध्ये बदलून

येथे तुलना अगदी एकतर्फी आहे. 2012 मध्ये युनायटेडने सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोमार्गे ग्रँड रॅपिड्सला निघालेल्या दहा वर्षांच्या मुलीला शिकागोत उतरवले, तेव्हा तिला पुढच्या विमानापर्यंत नेण्यासाठी नेमलेली बाहेरच्या कंत्राटदाराची व्यक्ती आलीच नाही. पुढचे विमान चुकले, आणि मुलगी पोहोचली नाही हे आईवडिलांना विमान कंपनीकडून न कळता ज्या शिबिराला ती निघाली होती तेथून कळले. विमान बदलताना हातबदलांची संख्या जवळजवळ दुप्पट होते, शिवाय मधल्या शहरात आपले कोणीही नसते. युनायटेड आज यूएम मुलांना फक्त स्वतःच्या थेट उड्डाणांवर घेते. अमेरिकन आणि डेल्टा 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी थेट विमानाचीच अट घालतात.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांपुढे येथेच खरी अडचण उभी राहते, कारण तेथून पुण्याला थेट विमान नाही. मुंबईपर्यंत थेट मिळाले, तर आजी-आजोबांनी गाडी करून मुंबईला यावे. घाटातला प्रवास त्यांना कष्टाचा होईल, पण दुबईत किंवा दोह्यात नातवाचे पुढचे विमान चुकण्यापेक्षा तो परवडला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमाने जोडून दहा वर्षांच्या मुलाला पाठवण्याचा विचार तर मनातही आणू नये.

ओळखीची सोबत

‘आमच्या सोसायटीतल्या काकू त्याच विमानाने चालल्या आहेत’ हा पर्याय फुकटचा असतो आणि म्हणून लोकप्रिय असतो. त्याचा मोठा गुण असा की दारापासून दारापर्यंत हातबदल होत नाही, आणि विमान उशिरा सुटले किंवा दुसऱ्या शहरात वळवले गेले तरी मुलाशेजारी ओळखीचे मोठे माणूस असते. लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात मी यूएम सेवेपेक्षाही याला झुकते माप देईन.

पण याच्या त्रुटी चूक होईपर्यंत दिसत नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडील किंवा पालक यांच्यापैकी एकाच्या शेजारची जागा द्यावी, असा निर्देश डीजीसीएने एप्रिल 2024 मध्ये दिला, परंतु तो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, प्रवास करणाऱ्यांसाठी आहे. काकूंचे तिकीट वेगळे आणि मुलाचे वेगळे असेल, तर कंपनीच्या दृष्टीने ते दोन अनोळखी प्रवासी असतात. विमान रद्द झाल्यावर काकूंना सकाळच्या आणि मुलाला संध्याकाळच्या विमानात जागा दिली जाऊ शकते. म्हणून दोघांचे तिकीट एकत्रच काढावे, आणि आईवडिलांच्या सहीचे संमतिपत्र काकूंजवळ द्यावे. परदेश प्रवासात ते नोटरीकडून करून घेतलेले बरे. शिवाय काकूंना स्पष्ट विचारावे की रात्री मुक्कामाची वेळ आली तर त्या मुलाला खोलीत सोबत घेतील का. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आणि संकोच वाटण्याइतकी ओळख वरवरची असेल, तर त्या ओळखीवर मूल सोपवू नये.

स्वतः पोहोचवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सात वर्षांखालील मुलासाठी, किंवा औषधे वेळेवर घ्यावी लागणाऱ्या मुलासाठी, मला याखेरीज दुसरा कोणताही पर्याय योग्य वाटत नाही. एका मोठ्या माणसाचे जाण्यायेण्याचे तिकीट आणि एक दिवसाची रजा एवढाच त्याचा खर्च आहे.

बारा वर्षे पूर्ण झाल्यावर

बारा ते पंधरा या वयाच्या मुलांबाबत पालक सर्वांत निर्धास्त असतात, आणि माझ्या मते सर्वाधिक विचार तेथेच हवा. बाराव्या वाढदिवसानंतर भारतीय कंपन्यांच्या लेखी मूल प्रौढ प्रवासी होते: भाडे पूर्ण, आणि विशेष देखरेख नाही. एरवी हे सोयीचे आहे. मुलांनाही गळ्यात पाकीट अडकवून मिरवायचे नसते. पण डिसेंबर 2023 मध्ये, स्पिरिटच्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, टँपाहून क्लीव्हलँडला निघालेला सोळा वर्षांचा मुलगा फ्रंटियरच्या भलत्याच विमानात बसून पोर्टो रिकोतील सान हुआनला पोहोचला, कारण एकाच गेटवरून एकामागून एक उड्डाणे सुटत होती. सोळाव्या वर्षी हे होते, तर तेराव्या वर्षी होणे अशक्य नाही.

या वयात मुलाला दोन सवयी लावून द्याव्यात. विमानाच्या दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला ‘हे नागपूरचेच विमान ना?’ असे मोठ्याने विचारावे, आणि जागेवर बसल्यावर घरी फोन करून उड्डाण क्रमांक वाचून दाखवावा. विमान दुसरीकडे उतरले, तर बाहेर न पडता कंपनीच्या काउंटरवर जाऊन ‘मी तेरा वर्षांचा आहे आणि एकटा आहे’ हे पहिलेच वाक्य बोलावे, कारण तिकीट पाहून ते कोणालाही कळत नाही. पंधरा ते सतरा वयातील मुलांसाठी अमेरिकन आणि डेल्टा मागितल्यास यूएम सेवा देतात. पहिल्याच एकट्या प्रवासाला ती मागण्यात कमीपणा नाही.

वेळ आणि विमानतळ

कोणताही पर्याय निवडला तरी दिवसाचे पहिले किंवा सकाळचे विमान घ्यावे, म्हणजे ते रद्द झाल्यास त्याच दिवशी दुसरे मिळण्याची शक्यता राहते. जूननंतर पावसामुळे मुंबईची विमाने दुसरीकडे वळवली जातात, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुके असते; या दृष्टीने मेचा पहिला पंधरवडा बरा. 5 डिसेंबर 2025 रोजी इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे एकाच दिवशी रद्द झाली, तेव्हा विमानतळांवर मोठ्या माणसांनाही धड उत्तर मिळत नव्हते. अशा वातावरणात यूएम मुलाला पाठवायचा दिवस दोन-चार दिवसांनी पुढे ढकलणे हाच शहाणपणा.

आणखी एक चूक कंपनीच्या नव्हे, तर घरच्यांच्या खात्यात जमा होते. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत आणि त्यांत 60 किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. डिसेंबर 2025 पासून मुंबईच्या जोडीला नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. कंपनीने वेळापत्रक बदलताना विमानतळही बदलला, आणि तो संदेश फक्त तिकीट काढणाऱ्याच्या फोनवर आला, तर घ्यायला निघालेले आजोबा सवयीने जुन्याच विमानतळावर जाऊन उभे राहतात. यूएम अर्जावर नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती मूल दिले जात नाही, हे लक्षात घेऊन उतरवून घेणारी दुसरी व्यक्तीही अर्जावर लिहिता येते का, ते आधी विचारून ठेवावे.

चूक झाल्यावर

अमेरिकेत एकट्या मुलांच्या विमानप्रवासाबाबत केंद्रीय नियमच नाहीत; सर्व काही कंपनीच्या धोरणावर चालते. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमावलीत, विमान रखडल्यास एकट्या मुलांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, असे निदान लिहिलेले तरी आहे. भारतात विमान वेळेत न कळवता रद्द केल्यास उड्डाणाच्या कालावधीनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये अथवा मूळ भाडे व इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळते, आणि कारण हवामानाचे असेल तर तीही मिळत नाही. मूल भलत्या शहरात गेल्याच्या मनस्तापाला हे कोष्टक लागू पडत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडेच जावे लागते.

म्हणून पुरावा पहिल्या तासापासून जमवावा. यूएम अर्जाच्या प्रतीचे, शुल्काच्या पावतीचे आणि बोर्डिंग पासचे छायाचित्र निघतानाच काढून ठेवावे. काउंटरवर ज्याच्याशी बोलणे झाले त्याचे नाव व वेळ टिपून ठेवावी. आणि मूल सुखरूप हाती आल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवून त्या तक्रारीचा क्रमांक घ्यावा. कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तोच क्रमांक देऊन तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही उपलब्ध आहे. फोनवर कबूल केलेले व्हाउचर घाईने स्वीकारू नये. ते स्वीकारल्याने तक्रार मिटली असे मानले जाणार आहे का, हे आधी लेखी विचारावे.